चौथा खांदा

“सगळं दारात नेऊन देतो आम्ही, बाबा. बांबू, कोरं कापड, मडकं, अगदी सुतळीसुद्धा. तरी लोक आमचं नाव दुसऱ्याला का सांगत नाहीत?”

विचारणारा विश्वंभर. शिकून पुण्याला गेला, चांगली नोकरी सोडली आणि मयतीचं सामान घरपोच द्यायची कंपनी काढली. स्टार्टअप म्हणतात म्हणे तिला. भागीदार पळालेले. आता कुलूप लावायचं की नाही, एवढंच ठरवायचं उरलेलं.

ऐकणारा शेखलाल फकीर. गावाबाहेर कबरस्तानाशेजारी त्याची झोपडी.

“कुणाला विचारलंस?”

“मोठमोठ्या सल्लागारांना. म्हणाले, आणखी लवकर पोचवा. चंदन ठेवा. गिऱ्हाईक परत आलं पाहिजे.”

“परत? मेलेलं?”

विश्वंभर चिडला. “तुम्हाला धंद्यातलं काय कळणार! तुमच्यात तर तिरडीही नसते.”

“नसते ना. म्हणून तर विचारतो. हे सामान आधी कोण आणायचं?”

“शेजारी, भावकी. एक बांबूला पळायचा, एक मडक्याला. मग सगळे मिळून तिरडी बांधायचे. फार वेळ जायचा. तो आम्ही वाचवला.”

“मग आता ती माणसं काय करतात?”

“कोणती माणसं?”

“पळणारी.”

विश्वंभर मान खाली घालून जमीन उकरत बसला.

“मागच्या महिन्यात आई गेली,” शेवटी तो म्हणाला. “माझीच गाडी आली. कशाला म्हणून कमी नव्हतं. शेजारी दारात आले, आत बघितलं. म्हणाले, ‘तुमचं तर सगळं आलेलंच आहे.’ आणि आपापल्या घरी गेले.”

“मग नेलं कुणी?”

“मडकं धरून मी पुढं. मागं मामा, मेव्हणा, सोसायटीचा वॉचमन...”

“आणि?”

“चौथा खांदा माझ्या ड्रायव्हरनं दिला. पगारी माणूस. आईचं नावही त्याला ठाऊक नव्हतं, बाबा.”

बाहेर कुणीतरी नवी कबर खणत होतं. कुदळीचा आवाज येत राहिला. फकीर तो ऐकत होता.

“बंद करू का कंपनी?”

“नको.”

“मग काय करू? काय कमी आहे आमच्यात, तेवढं तरी सांगा.”

फकिरानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“कमी काहीच नाही, बेटा. उद्यापासून गाडी भरताना काहीतरी विसरत जा.”