ओळ नसलेलं चित्र

फार जुन्या काळी, राजे म्हणे आपल्या राज्यातली झाडंसुद्धा ओळखून असत. त्याच काळात एक राजा असा होऊन गेला, की त्याला झाडं ओळखायला वेळच नसे.

राजा वाईट नव्हता. हुशार होता, कामसू होता, प्रजेचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटे. फक्त त्याला धीर नव्हता. कुणी काही सांगायला लागलं, की दुसऱ्याच वाक्याला तो हात वर करी आणि म्हणे, "थोडक्यात सांगा."

म्हणून त्याने दरबारात एक अर्थकार नेमला. राजाकडे जे जे येई, मग ती फिर्याद असो, हेराची बातमी असो, की भटारखान्यातली भांडणं असोत, अर्थकार ते सगळं ऐकून घेई आणि त्याची एक ओळ करी. एकच, दोन नाही. राजा ती ओळ वाची आणि हुकूम सोडी. कामं भराभर उरकत, आणि राजा स्वतःवर खूश असे.

राजा तशी प्रजा. लोकांनाही हळूहळू ओळीची चटक लागली. वसंतोत्सवात राजवाड्याच्या अंगणात चित्रं मांडत, तेव्हा प्रत्येक चित्राखाली त्याचा अर्थ लिहिलाच पाहिजे असा नियम झाला. खाली 'सूर्योदय' असं लिहिलेलं दिसलं, की लोक "वा, काय सूर्योदय आहे!" म्हणत आणि पुढे सरकत. एकदा तर मोराच्या चित्राखाली चुकून 'हत्ती' लिहिलं गेलं होतं. उत्सव संपेपर्यंत लोक हत्तीचं कौतुक करत होते.

एका वर्षी राज्यात पाण्याची फार टंचाई झाली. मोठा तलाव बांधावा असं राजाने ठरवलं आणि जागा शोधायला हेर पाठवला. हेर टेकडीपलीकडचा माळ पाहून आला. अर्थकाराने त्याचं सगळं ऐकलं आणि ओळ लिहिली, 'माळ ओसाड आहे, तलावास योग्य.' राजाने शिक्का मारला. अक्षय्य तृतीयेला बांधाचं काम सुरू करायचं आणि येत्या पावसात माळ पाण्याखाली घ्यायचा, असं ठरलं.

थोड्या दिवसांनी राजापुढे आणखी एक ओळ आली, 'माळावरची एक म्हातारी कुरकुर करते.' राजा म्हणाला, "समजूत घाला तिची." ओसाड माळावर म्हातारी कुठून आली, असं तुम्ही आम्ही विचारलं असतं. पण आपल्याला वेळ असतो, राजाला कुठे होता?

मग वसंतोत्सव आला. राजा नेहमीप्रमाणे झपाझप चालत, खालच्या ओळी वाचत, मान डोलवत निघाला. हिरवी, पिवळी, केशरी चित्रं मागे पडत गेली, आणि एका कोपऱ्यात राजा अचानक थांबला. थांबला, कारण वाचायला काही नव्हतं.

जाडाभरडा कागद होता. त्यावर नुसत्या काळ्या शाईने काढलेला एक उंच माणूस होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खाली ओळीची जागा कोरी होती. चित्राजवळ एक वाळकी, काटक म्हातारी बसली होती. तिचं नाव धोंडाई. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून शाई ती स्वतःच करत असे, आणि तिची बोटं त्या शाईने कायमची काळी झाली होती.

"आजी, ओळ कुठे आहे?" राजाने विचारलं.

"लिवली न्हाई, म्हाराज."

"का?"

"लिवली असती तर तुमी थांबला असता व्हय?"

अर्थकार पुढे होऊन म्हणाला, "नियमाप्रमाणे हे चित्र इथं ठेवता येणार नाही. बाई, अर्थ काय तो सांगून टाक, मी ओळ करतो."

म्हातारी तोंड उघडणार, तेवढ्यात राजानेच हात वर केला. पुष्कळ दिवसांनी त्याला एखादी गोष्ट ठाऊक नव्हती, आणि त्याची त्याला मोठी गंमत वाटली. "कुणी सांगायचं नाही! अर्थ मीच शोधून काढणार," तो म्हणाला. "चित्र माझ्या महालात लावा."

"शोधा की," धोंडाई म्हणाली. "फकस्त आखितीच्या आदी शोधा."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीयाच. तिच्या आधीच का, हे कोडं राजाच्या डोक्यात चित्राइतकंच घोळत राहिलं.

चित्र राजाच्या बैठकीसमोर लागलं. पहिल्याच दिवशी राजा म्हणाला, "हा प्रवासी आहे. झालं!" पण 'झालं' म्हणूनही त्याची नजर तिथून हलेना. मग त्याला दिसलं, की माणसाची पावलं पुढे चालली आहेत, पण तोंड मागे वळलेलं आहे.

त्याने राणीला बोलावलं. "हा मागं का बघतोय? काही विसरलाय का?"

राणी बराच वेळ चित्रापुढे उभी राहिली. "विसरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो," ती म्हणाली. "तो घाबराघुबरा दिसेल. हा शांत आहे. माहेरून निघताना मी अशीच वळून बघत होते."

राजाला हे ठाऊकच नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्याने राणीच्या माहेराबद्दल कितीतरी विचारलं, आणि एकदाही 'थोडक्यात' म्हणाला नाही.

आता तो दरबारातून मध्येच उठून चित्र बघायला येऊ लागला. कामं तुंबली, प्रधान कपाळाला हात लावू लागले. माणसाच्या पायाशी शाईचा एक मोठा डाग होता. शाई सांडली असावी, असं राजाला इतके दिवस वाटत होतं. पण एका सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि राजा जागच्या जागी उभा राहिला. तो डाग नव्हता, ती माणसाची सावली होती. आणि सावली माणसासारखी नव्हतीच! तिला बुटकं छप्पर होतं, दार होतं, आणि दाराच्या आत चुलीचे तीन दगड होते. चुलीत जाळ नव्हता. माणूस चालला होता, सावली मात्र जागेवर बसून होती.

"अरे, हा घर टाकून चाललेला नाही," राजा स्वतःशीच म्हणाला. "हा घर ठेवून चाललाय. परत येणार आहे!"

त्याने ताबडतोब अर्थकाराला हाक मारली. "ती म्हातारी राहते कुठे?"

"माळावर, महाराज."

"कुठल्या माळावर?"

अर्थकार चाचरला. "आपला तलाव व्हायचाय, त्या माळावर."

"तो ओसाड आहे ना?"

"आता ओसाडच असतो, महाराज. हेर म्हणाला होता, की तिथले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. पण एवढं सगळं एका ओळीत बसेना. मग बसेल तेवढं घेतलं."

राजाला संताप आला. पण तो कुणावर काढावा हे त्याला कळेना, कारण एका ओळीचा नियम त्याचाच होता.

आखिती दुसऱ्या दिवसावर आली होती. राजाने घोडं मागवलं आणि थेट माळ गाठला. बांधासाठी आखलेली चुन्याची पांढरी रेघ लांबूनच दिसत होती. बाकी सगळीकडे दगड, वाळलेलं गवत आणि ऊन. क्षणभर राजाला वाटलं, अर्थकाराचं काही चुकलं नव्हतं.

धोंडाई तिच्या झोपडीतून बाहेर आली. वयामुळे घाट उतरवत नसल्याने ती एकटीच मागे राहत असे.

"आजी, मला दाखवा," राजा म्हणाला.

"मी काय दावनार? चित्र बघितलंसा, तसंच बघा."

राजा घोड्यावरून उतरला आणि चित्र बघायला शिकला होता तसं बघू लागला. तेव्हा दिसलं, की काट्यांचे ढीग म्हणजे मेंढरांचे वाडे आहेत, आणि त्यांची तोंडं नीट दगड लावून बंद केलेली आहेत. बुटक्या भिंतींच्या आडोशाला चुली होत्या, कुणीतरी जाण्याआधी सारवून ठेवलेल्या. मडकी पालथी घातलेली होती. एका दगडावर भंडारा उधळलेला होता. आणि चुन्याची रेघ या सगळ्याच्या मधून गेली होती.

बाभळीच्या फांदीवर दोराचं एक वेटोळं बांधून ठेवलेलं होतं.

"हे काय आहे?" राजाने विचारलं.

"पोरांचा झोका. उन्हावाऱ्यानं दोर झिजू नये म्हनून गुंडाळून ठिवत्यात. आली की सोडत्यात."

राजा तिथेच मातीत खाली बसला. त्याला आपली फार लाज वाटली. कुणाची तरी पोरं नाचत परत आली असती, आणि त्यांना त्यांचा झोका पाण्याखाली सापडला असता. तेही एका ओळीपायी, आणि त्या ओळीमागे काय आहे हे त्याने विचारलंही नव्हतं.

मग तो उठला आणि आपल्या पायाने चुन्याची रेघ पुसू लागला. बरोबरच्या शिपायांना काय करावं सुचेना. मग तेही पुसू लागले.

तलाव झाला, पण खालच्या खोऱ्यात, जिथे राजाची लाडकी शिकारीची राई होती. ती पाण्याखाली गेली याचं राजाला वाईट वाटलं, आणि तसं तो उघडपणे म्हणालाही. अर्थकाराची नोकरी राहिली, पण काम बदललं. आता तो ओळ लिहीत नसे. जिथली गोष्ट असेल तिथे राजाला घेऊन जात असे. दोघांच्याही वहाणा लवकर झिजू लागल्या.

आषाढात राजा गच्चीवर उभा असताना टेकडीपलीकडे धूर दिसला. एक रेघ, मग दुसरी, मग कितीतरी. माळावर चुली पेटल्या होत्या. परतलेल्या धनगरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी चुली पेटवल्या, पोरांनी झोका सोडला, आणि वर्ष नेहमीसारखं सुरू झालं.

राजाने धोंडाईला बोलावून चित्राच्या खालची कोरी जागा दाखवली. "आजी, आता तरी ओळ लिहा."

"तुमी लिवा, म्हाराज. बघितलंय तुमी."

राजाने लेखणी शाईत बुडवली, कागदावर धरली आणि बराच वेळ विचार केला. राणीचं माहेर आठवलं, सारवलेल्या चुली आठवल्या, दोराचं वेटोळं आठवलं. मग त्याने लेखणी पुसून खाली ठेवली. ती जागा कोरीच राहिली, आणि त्या चित्रापुढे येणारा प्रत्येक माणूस थांबू लागला.

तात्पर्य: दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर निर्णय घेण्याआधी, मूळ गोष्ट आपल्या डोळ्यांनी नीट पाहावी.