चाकाची खडखड

घाटात डांबरी रस्ता नवा होता, तेव्हाची गोष्ट. येसाजी आपल्या जुन्या जीपमधून लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणत होता. उतारावर पुढचं चाक खडखडू लागलं.

"गप्प राहा," इंजिन म्हणालं. "मालक वैतागला तर आपल्याला भंगारात घालेल."

चाक घाबरलं, पण त्याचे नट ढिले झाले होते आणि पुढे अवघड वळण होतं. ते आणखी जोरात खडखडलं.

येसाजीने वेग कमी केला, खिडकीबाहेर कान देऊन ऐकलं आणि गाडी कडेला घेतली. पाना काढून सगळे नट आवळले. मग चाकावर हात फिरवत म्हणाला, "बरं झालं, वेळेवर सांगितलंस."

जीप शांतपणे निघाली. थोड्या वेळाने इंजिन हळूच म्हणालं, "मलाही बरेच दिवस एक दुखणं आहे. सांगू त्याला?"

"सांग," चाक म्हणालं. "ऐकतो तो."