चिबोलाचे कापरे हात

लुलुवा नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही काँगो देशातली गोष्ट. त्या नदीवर मामा चिबोला होडी चालवायची. हसू नका, तिकडे आईला मामा म्हणतात! आणि चिबोला तर सगळ्या गावाचीच आई होती.

गाव मेनोनाइट ख्रिस्ती मंडळींचं. ही मंडळी हत्यार धरत नाहीत, शपथ घेत नाहीत. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही. चिबोलाने जाणत्या वयात याच नदीत बाप्तिस्मा घेतला होता आणि तेव्हा दिलेला खरं बोलण्याचा शब्द जिवापाड जपला होता.

एके वर्षी त्या मुलखात भाषेवरून वैर पेटलं. दुसऱ्या भाषेची बायकापोरं जीव मुठीत धरून पळत आली. चिबोलाने त्यांना पलीकडे नेऊन कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, मळ्यात लपवलं. ती परतून होडी बांधते न बांधते, तोच बंदूकवाले आले. कातेंडे त्यांचा म्होरक्या.

"शपथ घेऊन सांग, पलीकडे कोणी आहे का?"

 नाही म्हणावं तर शब्द मोडतो, होय म्हणावं तर माणसं मरतात. करावं तरी काय?

"शपथ नाही घेत मी, बाबा. पण आहेत."

गावाने कपाळावर हात मारला.  माझ्याच जिभेने घात केला, असं चिबोलालाही वाटलं.

"मग चल, ने आम्हाला."

"नेते. पण आधी तुमचे पाय धुऊ द्या. आमच्यात येशूच्या आठवणीचं प्रभुभोजन असतं, त्याआधी एकमेकांचे पाय धुतात." बिचारीला दुसरं काही सुचलंच नाही.

ते खो खो हसले. पण चालून चालून पायांना फोड आलेले. बूट निघाले, बंदुका झाडाला टेकल्या. चिबोला एकेकाचे पाय धुऊ लागली. हात असे लटपटत होते की वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं पाणी सांडत होतं. तरी भोपळा रिता होईना, असं म्हणतात. पाणी सांडेल तसतशी नदी चढत गेली, असंही म्हणतात. नदीने बूट नेले, मग होडी नेली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी कातेंडे बसला. चिबोलाने त्याच्या टाचेतला काटा काढला.

"हात का कापतात तुझे?"

"भीती वाटते रे, लेकरा."

"पलीकडे आहेत तरी कोण?"

"पाय सुजलेली माणसं. तुझ्यासारखीच."

कातेंडेने आपल्या पायांकडे पाहिलं. मग अनवाणीच माघारी फिरला. त्याच्यामागून त्याची माणसंही गेली.

आता पूल झाला, तरी त्या घाटावर आजही नावाडी परक्याचे पाय धुतो आणि मगच त्याला होडीत घेतो. तू कुठला, तुझी भाषा कोणती, हे विचारत नाही. आणि प्रार्थनाघरात पाय धुताना कोणाचे हात कापू लागले, तर कोणी हसत नाही. म्हाताऱ्या हळूच म्हणतात, "धू बाळा, मामा आली."