मखमलीखालची मोटार

ऐन दसऱ्याला, अख्ख्या गावासमोर, देवगव्हाणच्या राजाची मोटार वेशीतच बंद पडली. उंदरांनी तारा कुरतडल्या होत्या. सीमोल्लंघनाला निघालेले अप्पासाहेब महाराज बैलांनी ओढलेल्या मोटारीतून वाड्यावर परतले आणि गावानं पदर, उपरणं, हाताला लागेल ते तोंडात कोंबून हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर म्हादबाला बोलावणं आलं. राजापुढे म्हादबाला शब्द फुटत नसे, म्हणून लेक येसू सोबत गेली.

"मी महिनाभर सासुरवाडीला जातोय," महाराज कडाडले. "परत आल्यावर एक जरी तार कुरतडलेली दिसली, तर तुझी नोकरी गेली आणि राहतं घरही गेलं."

"औषध घालू, सरकार?" म्हादबा पुटपुटला.

"खबरदार! गणपती आमचं कुलदैवत. त्याच्या वाहनाला मारायचं नाही."

"मग मांजर..."

"रंगावर नखं ओढील. मांजर नाही, पिंजरा नाही."

म्हादबाचा चेहरा पांढराफटक पडला. घर गेलं तर म्हातारी आई घेऊन जायचं कुठं? येसू मात्र पुढं झाली.

"सरकार, महिनाभर मोटार आमच्या हवाली. कशी ठेवायची ते आम्ही ठरवणार. कबूल?"

"कबूल. पण माझ्या अटी मोडायच्या नाहीत."

आता या मोटारीचा थाट काय सांगावा! वर्षातून एकदा, दसऱ्याला बाहेर निघायची. एरवी मखमली खोळ पांघरून गाढ झोपलेली. सासुरवाडीलासुद्धा महाराज आगगाडीनंच जात. का, तर मोटारीवर धूळ बसेल.

महाराजांची पाठ वळताच येसूनं खोळ ओढून काढली. इंजिनात गवत, चिंध्या, गादीचा कापूस आणि मधोमध सात गुलाबी पिल्लं. तिनं ती घरट्यासकट अलगद उचलून गवताच्या गंजीखाली नेऊन ठेवली. म्हादबानं कुरतडलेल्या तारा बदलल्या.

"चला आबा, काढा मोटार बाहेर."

महिन्यानं महाराज स्टेशनावर उतरले, तर टांग्याऐवजी मोटार उभी. अंगभर धूळ, मागे भोपळ्यांची टोपली आणि गादीवर कोंबडीचं पीस! महाराज लालबुंद झाले.

"आधी तारा बघा, सरकार," येसूनं झाकण उघडलं.

महाराजांनी चष्मा लावून एकेक तार तपासली. सगळ्या शाबूत. उंदराची लेंडीसुद्धा नाही.

"मांजर पाळलंस?"

"नाही, सरकार."

"मग उंदीर गेले कुठं?"

"मोटार हलत नव्हती, वर मऊ पांघरूण, आत कापूस. त्यांना वाटलं, हे घरच आहे. त्यांनी बाळंतपणंही उरकून घेतली. म्हणून मी तिला रोज पळवली. सकाळी टपाल, दुपारी दवाखान्याचे आजारी, गुरुवारी बाजारच्या बायका. पळत्या घरात कोण संसार मांडेल?"

"पण राजाच्या वाहनात कोंबड्या?"

येसूनं हात जोडले. "सरकार, तो एवढासा उंदीर. पण वाहन म्हणवतो, तर एवढ्या मोठ्या देवाला पाठीवर घेऊन हिंडतो. आपलं वाहन केवढं थोरलं, ते वर्षातून एकदा हललं. तेही बैलांनी ओढलं म्हणून."

म्हादबानं डोळे गच्च मिटून घेतले. मग महाराजांचं पोट हलायला लागलं, खांदे हलले आणि ते इतके हसले की पगडी थेट भोपळ्यांवर जाऊन पडली.

"म्हादबा, घर आजपासून तुझ्या नावावर. मोटारही रोज गावाच्या कामाला जाऊ दे," डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि येसू, तू पुढं बस. भोंगा तू वाजवायचा."

स्वतः महाराज टोपली मांडीवर घेऊन मागं बसले. येसूनं भोंगा वाजवला आणि मोटार न थांबता वेशीतून आत गेली.