खरं पडणं, खोटं पडणं

"…मग ते माझ्यामुळे पडतात, की माझ्यासाठी?"

संग्राम डुबलने हे विचारलं तेव्हा रेठरेकर बाई हॉलमधल्या गाद्या सरळ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण पडतात?"

"सगळेच. वर्गातले सगळे."

कराडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बाईंचा आयकिडोचा वर्ग चालायचा. या विद्येत ठोसे मारून जिंकणं वगैरे नाही. समोरचा येऊन मनगट धरतो, आपण त्याच्याच जोराने त्याला वळवतो आणि तो गादीवर जातो. मग तो उठतो आणि पाळी आपली येते. बाई पी.टी.च्या शिक्षिका होत्या तेव्हापासून त्यांना हे वेड. त्यापायी वर्षानुवर्षं शनिवारची शाळा सुटली की त्या मुंबईची एसटी धरायच्या. एकदा जपानलाही जाऊन आल्या. तिथे काय शिकलात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "पडायला."

संग्राम त्यांचा सर्वांत चांगला शिष्य. कॉलेजात असताना आला, टिकला, काळा पट्टा मिळवला. बाई आता थकल्या होत्या. उद्यापासून वर्ग त्याने घ्यायचा, असं ठरलं होतं.

आणि नेमका आता त्याला संशय आला होता.

त्याचं असं झालं. गणपतीत एका मंडळापुढे त्यांनी प्रात्यक्षिक केलं. ते संपल्यावर तालमीतला एक पैलवान पुढे आला. त्याने संग्रामला नमस्कार केला आणि अगदी आदराने म्हणाला, "सर, पोरं लई गुणाची हायत तुमची. तुमचा हात लागायच्या आधीच पडत्यात."

लोक हसले. संग्रामही हसला. घरी गेल्यावर मात्र त्याला जेवण गेलं नाही.

शंका एकदा आत आली की पाहुणी राहत नाही, घरच्यासारखी वागायला लागते. संग्राम ज्याला त्याला पडताना निरखू लागला. हा जरा लवकर पडला का? ती पडायच्या आधी माझ्या तोंडाकडे का बघते? काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत समोर कोण होतं, हेही त्याने आठवून पाहिलं. मित्रच होता. झालं, पट्ट्यावरचाही विश्वास गेला.

"म्हणून परवा मी नसताना तू वर्गात काय सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"कुणी आपणहून पडायचं नाही. मी पाडलं तरच पडायचं."

"बरं. आणि पोतदारांचा खांदा कसा आहे?"

संग्राम वाकून एका गादीचं टोक सरळ करू लागला.

पोतदार वीज मंडळातले. पन्नाशी उलटलेला, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस. सरांनी पडू नका म्हटल्यावर ते बिचारे पाय रोवून उभे राहिले. संग्रामनेही सोडलं नाही.

"निखळला होता. बसवलाय. हात गळ्यात बांधलाय."

"हं."

"पण ते तरी खरे पडले," संग्राम म्हणाला. म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

बाईंनी शेवटची गादी पायाने सरकवली.

"बाई, मी उद्या वर्ग घेणार नाही. उद्या नाही, कधीच नाही. हे सगळं खरं आहे की नाटक, हेच मला ठाऊक नाही. मी शिकवू काय?"

बाईंनी हातांची धूळ झटकली.

"आणखी एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"तुम्ही इतकी वर्षं मला पाडत होतात… की मीच पडत होतो?"

गुरूला असं विचारायला छाती तरी मोठी लागते, नाहीतर अक्कल तरी कमी. संग्रामजवळ त्या संध्याकाळी दोन्ही होतं.

बाईंनी हात पुढे केला.

"धर."

त्याने मनगट धरलं. बाई नेहमीसारख्या वळल्या. याच वळणावर तो आजवर शेकडो वेळा गादीवर गेला होता. आज त्याने पाय रोवले. बाईंनी थोडा जोर लावला. साठी ओलांडलेल्या बाई आणि तिशीतला गडी. तो तसूभरही हलला नाही.

बाई थांबल्या.

"नाही पडलास."

"नाही."

"बरं वाटलं?"

बरं वाटेल, अशी त्याची समजूत होती.

"नाही, बाई. म्हणजे मग इतकी वर्षं…"

ते वाक्य बाईंनी तसंच राहू दिलं. त्या समोर आल्या आणि आता त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"पाड."

"बाई, तुमचा गुडघा…"

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. उभं राहून शिकवा, पण पडायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून वर्गात त्या कुणाचं मनगट धरत नसत.

"पाड म्हणते ना."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर इथे नाहीत. तू आहेस."

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. त्याला भीती वाटली. पैलवानाची वाटली नव्हती तेवढी.

तो वळला. हळू. बाई अडल्या नाहीत, घाईने खालीही गेल्या नाहीत. त्यांनी आपलं सगळं वजन त्याच्या हातात दिलं आणि त्याच्यामागून आल्या. त्यांचा गुडघा मुडपायला लागलेला त्याला दिसला. त्याचा दुसरा हात आपोआप त्यांच्या पाठीमागे गेला, त्याने स्वतःचा गुडघा गादीवर टेकला आणि झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं बाईंना खाली ठेवलं.

मग कुठे त्याने श्वास सोडला.

बाई गादीवर पडून वरच्या पंख्याकडे बघत होत्या.

"खरी पडले, की खोटी?"

संग्राम उत्तर शोधू लागला. त्याने डोळे मिटून सगळं पुन्हा आठवून पाहिलं…

"माझं लक्षच नव्हतं, बाई," तो शेवटी म्हणाला. "मी तुमच्या गुडघ्याकडे बघत होतो."

उठायला आधार हवा म्हणून बाईंनी हात वर केला.

"मग उद्याचा वर्ग तू घे."