तान्हूबाईचा दांडा

फार वर्षांपूर्वी, साहेबाचं क्रिकेट आपल्या मुलखात नुकतंच शिरलं होतं तेव्हा, वेळूच्या वाडीत तान्हूबाई बुरुडीण राहायची. तिनं विणलेल्या टोपलीतून पाणीसुद्धा गळत नसे, असं म्हणतात. मी म्हणतो, नसणारच!

वेळूची वाडी आणि पल्याडची वाडी, दोघींना पाट एकच. उन्हाळ्यात पहिलं पाणी कुणाचं, यावरून डोकी फुटायची. शेवटी जाणत्यांनी ठरवलं, क्रिकेटचा सामना खेळा, जिंकेल त्याची पहिली पाळी. दुसऱ्या पाळीला उरायचा नुसता चिखल.

वाडीचा फलंदाज म्हणजे तान्हूबाईचा धाकटा दीर, गेनबा. गडी रेड्यासारखा, पण त्याच्या बॅटला बाभळीचा दांडा. चेंडू आदळला की कोपरापर्यंत झिणझिण्या. एका वर्षी ऐन मोक्याला बॅटच हातातून सुटली. सामना गेला, पाणी गेलं, उभी पिकं करपली. लोक तोंडावर म्हणायला लागले, "गेनबाचा हातच खोटा." गेनबाचं जेवणावरचं मन उडालं. तान्हूबाईला ते बघवेना.

"भावजी, हात खोटा नाही. दांडा खोटा आहे," ती म्हणाली.

तिनं वेत चिरला. पट्ट्यांच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून सरसानं जुळवला, वर दोरा गुंडाळला. दांडगा गडी म्हणून दांडा केला जाड आणि चांगला गोल. इथंच बाई चुकली बरं का! झिणझिण्या थांबल्या, पण बॅट मुठीत फिरायला लागली. ती आवळून आवळून गेनबाचे हात भरून यायचे आणि चेंडू जायचा भलतीकडंच.

सामना तोंडावर आला. गेनबा चिडून अंगणात लाकडं फोडायला लागला. तान्हूबाई बघत राहिली. कुऱ्हाड काही मुठीत फिरत नव्हती. तिनं गेनबाला डोळे मिटायला लावले आणि कुऱ्हाड उलटसुलट करून त्याच्या हातात दिली.

"सांगा, धार कुठं?"

"ही काय, इकडं. दांडा लांबट आहे, हाताला कळतंच की वहिनी!"

"अगं बाई! मग हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं?"

तिनं लगोलग दोरा सोडला, दांडा तासून अंड्यासारखा लांबट केला, खालच्या हाताशी बारीक ठेवला आणि पुन्हा गुंडाळला. शेजारी हसले, "बाई, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!"

"हा दांडा गोताला तारील," तान्हूबाईनं ठणकावलं.

सामन्यात शेवटच्या चेंडूवर चौकार हवा होता. पल्याडच्या गोलंदाजानं जीव खाऊन चेंडू टाकला. गेनबानं मूठ सैल धरली आणि हाणला! हाताला काही जाणवलंच नाही, चेंडू लागल्याचं त्याला आवाजावरून कळलं. तो चेंडू टेकडीपलीकडं गेला, पाटाच्या दारावर आदळला, दार उघडलं आणि पाणी आपल्या पायांनी वाडीत आलं, असं म्हणतात. पल्याडचे म्हणतात, दार आधीच सैल होतं. म्हणू द्या बिचाऱ्यांना!

तान्हूबाई गेली, तेव्हा अंगणात उरलेल्या चिरलेल्या वेताला पालवी फुटली, असं म्हणतात. आज तिथं वेताचं बेट आहे. पहिल्या पाळीचं पाणी आधी त्या बेटाला पाजतात. सामन्याआधी फलंदाज तिथं डोळे मिटून उभा राहतो, घरातली वहिनी त्याच्या हातात बॅट देते आणि विचारते, "सांगा भावजी, सपाट बाजू कुठं?" बरोबर सांगितलं तरच तो मैदानात उतरतो. आणि सामना हरला, तरी वेळूच्या वाडीत कुणी कुणाचा हात खोटा म्हणत नाही. आधी दांडा बघतात.