शर्यत बघणाऱ्याची नाडी

एकदा एका वैद्यांच्या घरात मोटारींच्या शर्यतींचं वेड शिरलं. वैद्यबुवा सत्तरी ओलांडलेले, कृष्णाकाठच्या लहानशा गावात दवाखाना चालवणारे. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा धड येत नव्हती. वेड आणलं ते त्यांच्या शिष्याने, निरंजनने. आयुर्वेदाची पदवी घेऊन तो दोन वर्षांपूर्वी नाडीपरीक्षा शिकायला त्यांच्याकडे येऊन राहिला होता. वागायला सालस, वाचन दांडगं, पण कोल्हापूरच्या इंगवले नावाच्या शर्यतपटूवर त्याचा असा काही जीव जडला होता की विचारू नका.

त्या वर्षीच्या मोसमात आठ शर्यती होत्या. निरंजनने त्यांतली एकही सोडली नाही. रविवारी दुपारी दवाखाना बंद झाला की काढ्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून तो ठरलेल्या सतरंजीवर बसे, तोही ठरलेला निळा सदरा घालून. इंगवले पुढे असताना कोणी चहा विचारला तरी त्याच्या काळजात चर्र होई, आता काहीतरी विपरीत घडणार म्हणून. मधल्या आठवड्यांत त्याच्या डोक्यात गुणतक्ता फिरत राही. इंगवले दुसरे आले तर काय, सेंथिल मागे पडला तर काय, सेंथिलची गाडीच बंद पडली तर काय. सेंथिल म्हणजे कोइमतूरचा एक तरुण. सबंध मोसमात इंगवल्यांना भारी पडणारा तो एकटाच.

वैद्यबुवा हे सगळं कौतुकाने ऐकत. मध्येच विचारत, “या गाड्यांना हॉर्न असतो का रे?”

“नसतो, गुरुजी,” निरंजन कळवळून सांगे.

“मग पुढच्याला बाजूला हो म्हणून सांगायचं कसं?”

सातव्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी गुडघे दुखतात म्हणून आली. निरंजनने तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “नाडी फार धावते आहे. ताप आत मुरलाय.” म्हातारी घाबरली. वैद्यबुवांनी तिचा हात हातात घेतला. नाडी अगदी संथ होती. धावत होती ती निरंजनच्याच बोटांतली. नाडी शिकणाऱ्याच्या हातून ही चूक होते बरं का. मन थाऱ्यावर नसलं की बोटांच्या टोकांशी आपलंच रक्त ठोके देऊ लागतं, आणि माणूस ते रोग्याच्या नावावर खपवतो.

वैद्यबुवा रागावले नाहीत. म्हातारीला तेल देऊन वाटेला लावलं आणि मग एवढंच म्हणाले, “दिवाळीनंतर तुला स्वतंत्र रोगी देईन म्हणालो होतो. ते आता शेवटची शर्यत झाल्यावर बघू.”

निरंजनने दोन वर्षं ज्यासाठी खलबत्त्यात औषधं कुटली, तेच टांगणीला लागलं. शर्यती बघणं सोडायला हवं का? की मन स्थिर करून दाखवायला हवं? विचारायची छाती होईना. तीन आठवडे त्याला अन्न गोड लागलं नाही. आणि खरं सांगायचं तर एवढ्या धास्तीतही गुणतक्ता काही डोक्यातून जाईना.

शेवटच्या शर्यतीचं गणित सोपं होतं आणि म्हणूनच जीवघेणं होतं. इंगवले पहिले आले, तरी सेंथिल पहिल्या तिघांत आला की अजिंक्यपद सेंथिलचं.

त्या दुपारी निरंजन सतरंजीवर बसला, तोच वैद्यबुवा येऊन त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, “उजवा हात दे.”

“आत्ता, गुरुजी?”

“तू तुझं बघ. मी माझं बघतो.”

त्यांनी निरंजनच्या मनगटावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटून घेतले. ही परीक्षा आहे हे निरंजन समजून चुकला. त्याने श्वास लांबवून पाहिला, मनातल्या मनात आकडे मोजून पाहिले. छातीतली धडधड उलट वाढली. समालोचक एकेक नाव घेत होता. वीस फेऱ्यांची शर्यत. तिसऱ्या फेरीत इंगवले सर्वांच्या पुढे गेले. सेंथिल तिसरा होता. दहावी फेरी झाली, पंधरावी झाली, तरी तिसराच. बंद पड, निरंजन मनात म्हणत होता. एकदा बंद पड बाबा.

अठराव्या फेरीत, उतारावरच्या वळणावर, सेंथिलची गाडी घसरली. टायरच्या भिंतीवर आदळून ती उलटली आणि मागच्या बाजूने ज्वाळा निघाल्या.

“गेला!” निरंजन ओरडला. “गुरुजी, गेला तो. इंगवल्यांचं झालं काम.”

वैद्यबुवांनी डोळे उघडले. मोबाइलकडे एकदा पाहिलं आणि निरंजनचा हात अलगद सतरंजीवर ठेवला.

“तो बाहेर आला का?” त्यांनी विचारलं.

निरंजनने तेव्हा कुठे नीट पाहिलं. लाल झेंडे हलत होते. माणसं गाडीवर फेस मारत होती. बाहेर कोणीच आलेलं नव्हतं, आणि समालोचकही गप्प झाला होता.

निरंजन मोबाइलकडे सरकला. “मी मनात म्हणत होतो, गुरुजी. त्याची गाडी बंद पडू दे म्हणून. माझ्यामुळे तर...”

“खुळा आहेस. तुझ्या म्हणण्याने गाड्या उलटत नसतात. ती घसरली ती तिच्या स्वतःच्या कारणाने. तिकडे तू काही केलं नाहीस. जे झालं ते इथे, माझ्या बोटांखाली झालं.” मग वैद्यबुवांनी विचारलं, “इंगवले पुढे गेले ते कसे रे? आतल्या बाजूने की बाहेरून?”

निरंजनने आठवून पाहिलं. त्याला काही आठवेना.

“नाही आठवणार. समालोचकाने इंगवल्यांचं नाव घेतलं की तुझ्या नाडीत काही फरक पडत नव्हता. सेंथिल म्हटलं की ती उसळत होती. ज्याच्यावर जीव जडला म्हणतोस, त्याला तू बघतच नव्हतास. आणि तुझी धडधड मला चालते. तरुण माणसाची नाडी धावायचीच. पण तू गेला म्हणालास ना, त्या क्षणी ती शांत झाली. अगदी आदर्श. इतक्या दिवसांत मला ती इतकी स्वस्थ कधी लागली नव्हती. मी डोळे उघडून पाहतो तर समोर एक माणूस जळत्या गाडीत. मला भीती वाटली ती त्या शांतपणाची.”

निरंजनला मान खाली घालायचीही शुद्ध नव्हती. तो पडद्याकडे टक लावून बसला होता. चार माणसांनी गाडी एका कुशीवर केली. कोणीतरी आत वाकलं. “निघ रे,” तो पुटपुटला, “निघ लवकर.” आत अडकलेला माणूस गुणतक्त्यात कितवा आहे, याचं त्याला आता भान उरलं नव्हतं. वैद्यबुवांनी पुन्हा त्याचा हात कधी धरला, तेही त्याला कळलं नाही.

सीटचे पट्टे कापले गेले. सेंथिलला ओढून बाहेर काढलं, स्ट्रेचरवर ठेवलं. कितीतरी वेळ तो निपचित होता. मग हातमोजा घातलेला एक हात हळूहळू वर उठला. निरंजनच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

“उद्या पहिला रोगी तू बघ,” वैद्यबुवा म्हणाले.

“पण गुरुजी, नाडी अजून धावते आहे. मला समजतंय.”

“मलाही समजतंय. ती आवरायला मी तुला शिकवीन, वर्षभरात जमेल. पण कोणासाठी धावावं, हे मला शिकवता आलं नसतं.”

कोण पडल्यावर आपल्याला स्वस्थ वाटतं, हे ज्याचं त्याने अधूनमधून तपासून बघावं.